क्रांतिकारक, बंडखोर की दहशतवादी? डेस्कवरच्या नव्या पोरांसाठी

रात्री शेवटचं पान सोडायची वेळ झालेली असते आणि वृत्तसंस्थेकडून बातमीची कॉपी येते: अमुक देशात ‘रिबेल’ गटाचा चौकीवर हल्ला. नवा उपसंपादक मान वर करून विचारतो, “मॅडम, बंडखोर लिहू की दहशतवादी?” ठाण्यातल्या डेस्कवर हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की आता नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सगळं सांगून टाकते. तेच इथे लिहिते आहे.

आधी डोक्यातली उतरंड काढून टाका. क्रांतिकारक चांगला, बंडखोर मधला, दहशतवादी वाईट, अशा या तीन पायऱ्या नाहीत. हे तीन शब्द तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. क्रांतिकारक म्हटलं की माणसाला काय हवंय ते कळतं: राज्यव्यवस्थाच बदलायचीय. बंडखोर म्हटलं की त्याचं सत्तेशी काय नातं आहे ते कळतं: हुकूम मानत नाही, बहुतेक वेळा हत्यारही उचललेलं आहे. दहशतवादी म्हटलं की फक्त पद्धत कळते: भांडणाशी ज्यांचा संबंध नाही त्यांना मारायचं आणि उरलेल्यांना धाकात ठेवायचं. म्हणून एकाच माणसाला दोन शब्द लागू शकतात, क्वचित तिन्ही. हेतू थोर असला म्हणून पद्धत माफ होत नाही, आणि सरकारला नकोसा झाला म्हणून कुणी आपसूक दहशतवादी होत नाही.

आता काम कसं करायचं ते बघा. कॉपी हातात आली की विशेषणं खोडा आणि नुसती घटना लिहून काढा. कुणी, कुणाला, कुठे, कशाने. मग एकच प्रश्न विचारा: निशाण्यावर कोण होतं? निम्मा निवाडा इथेच होतो.

सरावासाठी मी दोन नाट्यगृहं देते. पहिलं नाशिकचं विजयानंद. २१ डिसेंबर १९०९ रोजी तिथे कलेक्टर जॅक्सनच्या निरोपादाखल नाटक होतं. अनंत कान्हेरे या कोवळ्या पोराने त्याला गोळ्या घातल्या. बाबाराव सावरकरांवरच्या राजद्रोहाच्या खटल्याचा राग त्यामागे होता. थिएटर भरलेलं होतं, पण निशाणा एकच होता, नाव ठरवून आलेला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी झाली, ती आपल्या ठाण्याच्या तुरुंगात. दुसरं नाट्यगृह गडकरी रंगायतन. ४ जून २००८. एका नाटकाला विरोध म्हणून तिथल्या वाहनतळात बॉम्ब ठेवला गेला, तो फुटला आणि सात जण जखमी झाले. त्याआधी चारच दिवस वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहातही स्फोटकं सापडली होती. गडकरीच्या वाहनतळात कोण येणार होतं? स्कूटर लावणारा प्रेक्षक, रखवालदार, कुणीही. बॉम्ब ठेवणाऱ्याला त्यांची नावं माहीत नव्हती आणि जाणून घ्यायची गरजही नव्हती. एकाही माणसाचा जीव गेला नाही, तरी पद्धत दहशतीचीच. उलट नाशकात एका माणसाचा जीव गेला, तरी ती राजकीय हत्या. जॅक्सन निःशस्त्र होता, संस्कृतचा अभ्यासक होता, नाशकात त्याला मानणारे लोकही होते. हे सगळं बातमीत यायला हवं. त्याने हत्येचं वजन बदलतं, जात बदलत नाही. म्हणजे मृतांचा आकडा बघून शब्द ठरवू नका.

कधीकधी मात्र ही फूटपट्टी नीट बसत नाही. ३० एप्रिल १९०८, मुझफ्फरपूर. खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांना मारायचं होतं न्यायाधीश किंग्जफोर्डला. बॉम्ब पडला दुसऱ्याच बग्गीवर, आणि केनेडी आडनावाच्या मायलेकी गेल्या. आमच्याकडे यावर दर बॅचला वाद होतो. माझं म्हणणं असं: निशाणा अधिकारी होता म्हणून हा दहशतवादी हल्ला नव्हे, पण अंधारात बग्गीवर बॉम्ब फेकणाऱ्याने आत कोण आहे याची फिकीर पुरेशी केली नाही, हेही खरं. म्हणून ‘क्रांतिकारक खुदिराम’ लिहा आणि त्याच परिच्छेदात त्या दोघी बायकांचा मृत्यूही लिहा. तो वाक्याच्या शेपटाला ढकलू नका. याच बॉम्बवरच्या ‘केसरी’तल्या लेखांपायी टिळकांना सहा वर्षं मंडालेला काढावी लागली, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असायला हवं.

दुसरा प्रश्न: जिंकले तर उद्या काय करणार? बंडखोर आणि क्रांतिकारक यांतला फरक इथे उलगडतो. राघोजी भांगरे घ्या. अकोले भागातला महादेव कोळी, सावकारी आणि इंग्रजी अंमल यांच्याविरुद्ध उठला. २ मे १८४८ रोजी त्यालाही ठाण्यातच फाशी दिली. हिसकावून घेतलेलं परत मिळावं, जाच थांबावा, ही त्याच्या उठावाची धग. नवी राज्यघटना वगैरे त्याच्या डोक्यात नव्हती. त्याला बंडखोर म्हणण्यात कमीपणा काहीच नाही. वासुदेव बळवंत फडके हे पनवेलजवळच्या शिरढोणचे. पुण्यात सरकारी नोकरीत कारकून होते. १८७९ मध्ये रामोशांना घेऊन त्यांनी पैसेवाल्यांवर दरोडे घातले, पण ते पैसे हवे होते इंग्रजांचं राज्य उलथण्यासाठी. रीत बंडाची, इरादा क्रांतीचा. आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो आणि ते बरोबर आहे. पण ज्यांच्या वाड्यांवर धाड पडली ते त्या रात्री काय म्हणत असतील, याचाही अंदाज ठेवावा.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण मुरबाड तालुक्यात आहे. भाई कोतवाल माथेरानचे, व्यवसायाने वकील. १९४२ च्या आधीच त्यांनी कर्जत भागात शेतकरी-आदिवासींसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या, शाळा चालवल्या होत्या. म्हणजे ‘उद्या काय’ याचं उत्तर त्यांच्याकडे आधीपासून तयार. मग भूमिगत होऊन त्यांचा आझाद दस्ता रात्री रानात शिरायचा आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायचा. डोळ्यांसमोर आणा: लोखंडी पाय, त्यावर घासणारं करवतीचं पातं, पहाटेच्या आत काम उरकायचं आणि पळायचं. निशाणा माणूस नव्हता, तार होती. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. अशा कामाला घातपात हा नेमका शब्द आहे, तो वापरा. माझ्या लेखी ते क्रांतिकारक.

पण इथेच कायद्याची गंमत बघा. आजच्या यूएपीए म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५ मध्ये दहशतवादी कृत्याची व्याख्या आहे. देशाची एकता, सुरक्षितता धोक्यात आणण्याच्या किंवा लोकांत दहशत बसवण्याच्या हेतूने स्फोटकांसारख्या साधनांनी माणसं मारणं तर त्यात येतंच, शिवाय मालमत्तेचा नाश आणि जनजीवनाला लागणाऱ्या सेवा तोडणं हेही येतं. एखाद्या हुशार सरकारी वकिलाने मनोरे पाडणाऱ्यांना या व्याख्येत सहज बसवलं असतं. म्हणून कायद्याचा शब्द कायद्याच्या नावावरच छापायचा: ‘यूएपीएखाली गुन्हा दाखल’, ‘केंद्राने दहशतवादी जाहीर केलेली संघटना’. ठरवणारा कोण ते वाचकाला दिसू दे. आणि तारीख टाका, कारण याद्या बदलतात. नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष होऊन गेले, निवृत्त झाले, तरी अमेरिकेच्या दहशतवादी यादीतून त्यांचं नाव निघायला २००८ उजाडलं. त्याच वर्षी नेपाळात ‘प्रचंड’ या नावाने ओळखले जाणारे माओवादी नेते पंतप्रधान झाले, आणि त्यांचा पक्ष तेव्हाही अमेरिकेच्या यादीत होता.

सरकारही लोकांना धाकात ठेवण्यासाठी निरपराधांना मारतं, तेव्हा काय लिहायचं? मुलं हे विचारतातच. घटना लिहा, आकडे लिहा, हुकूम कुणाचा होता ते लिहा. जालियनवाला बागेला विशेषण लागत नाही.

शेवटचं, आणि यात सगळ्यात जास्त गफलत होते: शब्द आधी कृत्याला लावा, माणसाला नंतर. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. तो दहशतवादी हल्ला होता, यात दुमत नाही. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरलं. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं, आणि त्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. अटकेच्या दिवशी ज्यांनी नावापुढे थेट ‘दहशतवादी’ छापलं, त्यांचे ते जुने मथळे आजही इंटरनेटवर तसेच आहेत. तेव्हा अटक झाली की ‘संशयित’, आरोपपत्र आलं की ‘आरोपी’, शिक्षा झाली की ‘दोषी ठरवलेला’, आणि अपील सुरू असेल तर तेही त्याच वाक्यात. मथळ्यात जागा पुरत नसेल तर फॉन्ट एक पॉइंट कमी करा.