गोदाकाठी कुत्र्याला घेऊन चालताय? या चुका टाळा

कुत्र्याला घेऊन ट्रेकला जाण्याबद्दल मराठीत जे सल्ले वाचायला मिळतात, ते बहुतेक सह्याद्री डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. जळवा, धुकं, शेवाळलेले कडे, जंगलात चुकणारी वाट. गंगथडीत, म्हणजे मराठवाड्यातल्या गोदावरीकाठच्या पट्ट्यात, यातलं फारसं काही नाही. इथे वाट सपाट, सावली तुरळक आणि नदी म्हणजे कुणाच्या तरी शेताची कड. पैठणहून आपेगाव, शहागड, राक्षसभुवन, मंजरथ, गंगाखेड असं काठाकाठाने चालताना कुत्र्याला जंगली जनावरापेक्षा माणसानं नदीत आणि काठावर जे मांडून ठेवलंय त्याचाच धोका जास्त असतो. चुका होतात त्या हे न ओळखल्यामुळे.

‘त्याला पोहता येतं’ म्हणून पट्टा सोडणं

कुत्र्याला पोहता येतं, हे खरं. पण गोदावरीच्या पात्रात पोहण्यापेक्षा बाहेर येणं अवघड. दोन्ही काठ काळ्या मातीचे, बऱ्याच ठिकाणी उभे तुटलेले. ओली काळी माती पंजांना चिकटते, बोटांमध्ये गोळे बसतात आणि कुत्रं चार-चारदा घसरून पाण्यात पडतं. दमून बुडतं ते असं, अगदी काठाला लागून.

दुसरं म्हणजे वाळूचे खड्डे. उपसा झालेल्या पात्रात गुडघाभर पाण्याच्या शेजारीच पुरुषभर खोल खड्डा असतो आणि वरून तो दिसत नाही. कुत्र्याला वाचवायला मालक उतरतो आणि तोच खड्ड्यात सापडतो. अनोळखी पात्रात कुत्र्यामागे उडी मारायची नाही, ही गोष्ट निघण्याआधी घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा. पाठीवर मूठ असलेला हार्नेस (छाती-पोटाभोवती बसणारा पट्टा) घाला. गळ्यातल्या पट्ट्याला धरून ओढलं तर गळा आवळतो. हार्नेसच्या मुठीला दोर किंवा काठी अडकवून वर घेता येतं.

तिसरी गोष्ट पाण्याच्या पातळीची. ‘मागच्या वेळी इथूनच तर ओलांडली होती’ हा हिशोब या नदीला लागू पडत नाही. पावसाळा सरला की बंधाऱ्यांचे दरवाजे बसवतात आणि जूनमध्ये जिथे खडक उघडे होते तिथे डिसेंबरात संथ, खोल पाणी असतं. पावसाळ्यात उलट: इकडे लख्ख ऊन आणि नाशिककडे पाऊस. पैठणच्या जायकवाडी धरणाला २७ दरवाजे आहेत. विसर्ग सुरू झाला की खालच्या गावांना सतर्कतेचा इशारा जातो, पण तो काही तुमच्या फोनवर येतोच असं नाही. २००६च्या ऑगस्टमध्ये याच पाण्यानं पैठण शहर गाठलं होतं. जुलै ते ऑक्टोबर निघण्याआधी धरणाच्या विसर्गाची बातमी बघा आणि पात्रातल्या बेटावर जाऊच नका.

बुडता बुडता वाचलेलं कुत्रं अंग झाडून शेपटी हलवायला लागलं की आपण सुटकेचा श्वास सोडतो. घाई नको. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं. खोकला, जोरजोरात श्वास, निळसर जीभ यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

वायर दिसली तरी चालत राहणं

मला विचाराल तर गोदाकाठचा सगळ्यात मोठा धोका हाच. काठावर दर थोड्या अंतरावर पाणी उपसायच्या मोटारी असतात आणि त्यांच्या केबली गवतातून, चिखलातून, कधी सरळ पाण्यातून गेलेल्या असतात. जोड चिकटपट्टीचे. शेतीची लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री. म्हणजे जाताना थंड असलेली वायर परतताना जिवंत असू शकते. ओल्या पायांचं कुत्रं तिथे पोचलं की संपलं. मोटारीच्या आसपास कुत्रं आखूड पट्ट्यावर, आणि मोटार चालू असेल तर तिथल्या पाण्यात अजिबात नाही.

रानडुकरांसाठी बांधाला करंट सोडणं बेकायदा आहे. तरी सोडतात. रात्री सोडलेला सकाळी काढायचा राहून जातो. म्हणून अंधारात बांधाने चालू नका आणि आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, कुणी दिसलं तर थांबून विचारा: “मामा, इकडं कुठं तार सोडलीय का?” यात लाजण्यासारखं काही नाही. उलट बहुतेक वेळा उत्तरासोबत चहाही मिळतो.

कुत्र्याला शॉक बसलाच तर त्याला हात लावू नका, हार्नेस धरू नका, पाण्यात पाय टाकू नका. आधी स्टार्टर किंवा फ्यूज बंद करा. तो सापडत नसेल तर ओरडून शेतकऱ्याला बोलवा. ती मिनिटं फार जड जातात, पण दुसरा मार्ग नाही.

बादलीतलं पाणी, बांधावरचा खाऊ

फवारणीचं औषध कालवायला पाणी नदीवरूनच घेतात. त्यामुळे ड्रम, बादल्या, रिकामे डबे काठावरच पडलेले असतात. तहानलेलं कुत्रं पहिल्यांदा तिथेच तोंड घालतं. थिमेटसारखी औषधं उंदीर-डुकरांसाठी खाद्यात मिसळून ठेवलेली असतात, ती वेगळीच. फार लाळ गळणं, अंग थरथरणं, उलटी-जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक होणं ही विषबाधेची लक्षणं. दूध, तूप, मिठाचं पाणी पाजू नका. त्यानं वेळ जातो आणि ठसका लागून फुप्फुसात जाण्याची भीती असते. डब्याचा फोटो काढा आणि दवाखाना गाठा. कोणतं औषध होतं ते कळलं की उतारा देणं डॉक्टरला सोपं जातं.

उन्हाळ्यात डोहावर हिरव्या रंगाची साय धरते. ते पाणी पिऊ देऊ नका, त्यात पोहू देऊ नका, अंगाला लागलं तर चाटायच्या आत धुऊन टाका. पिण्याचं पाणी घरूनच न्यावं, नदीकाठी जात असलो तरी.

घाटांबद्दल एक वेगळी गोष्ट. दशक्रियेचा भात, पिंड, नैवेद्य याकडे कुत्रं झेपावतंच. तिथे कुणाच्या तरी घरचं दुःख चालू असतं. घाट लागला की वळसा घालून जा.

ऊन चढल्यावर निघणं

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जाणं नवलाचं नाही, आणि फेब्रुवारी संपता संपताच दुपार नकोशी होते. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. तो धापा टाकूनच थंड होतो. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना तेही नीट जमत नाही. त्यांना उन्हाळ्यात नेऊच नका, आणि हस्कीला तर या भागात का पाळतात हाच मला प्रश्न आहे. उजाडताच निघायचं, नऊपर्यंत परत. त्याआधी नाही, कारण वर सांगितलेल्या तारा, आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्या. कुत्रं हे त्याचं आवडतं भक्ष्य.

खडकावर तळहाताची मागची बाजू टेकवून बघा. सात सेकंद ठेववत नसेल तर पंजांनाही चटका बसतो. घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, लटपटणारी चाल दिसली की उष्माघात समजा: सावली, पोट-जांघा-पंजांवर सतत पाणी, वारा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. आधी थंड करा, मग गाडीत घाला.

ढोरांच्या मधून जाणं

लाल कंधारी किंवा देवणी गाय एरवी गरीब, पण सोबत वासरू असलं की कुत्र्यावर धावून येते. कुत्रं पळतं ते आपल्याकडे, मागोमाग गाय. अशा वेळी पट्टा सोडून द्या. ते वाट काढतं. मेंढरांच्या वाड्याजवळून जाताना धनगराला लांबूनच हाक मारा. त्याची कुत्री राखणीची असतात, ओळखपाळख करत बसत नाहीत.

जिथे नेता येत नाही तिथे नेणं

जायकवाडीचा जलाशय पक्षी अभयारण्य आहे. तिथे, गौताळा किंवा येडशीच्या अभयारण्यात पाळीव कुत्रं नेऊ नका. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्येही प्राणी आणायला मनाई आहे. आणि मार्च ते मे वाळूच्या बेटांवर नदी सुरय हे पाणपक्षी उघड्यावर अंडी घालतात. मोकळं कुत्रं ती सहज तुडवतं.

घरी आल्यावर न तपासणं

पावसाळ्यानंतर कुसळ पिकते. ती कानात, बोटांच्या बेचक्यात शिरते आणि आतच सरकत जाते. कुत्रं एकसारखं डोकं झटकत असेल किंवा एकच पंजा चाटत असेल तर पिन-चिमट्याचे प्रयोग न करता दाखवून या.

साप चावल्याची शंका असेल तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, पण ते प्रत्येक दवाखान्यात नसतं. म्हणून आदल्या दिवशीच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवा. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. १९६२ या क्रमांकावरची फिरती पथकं मुख्यतः गुराढोरांसाठी आहेत, तेव्हा कुत्र्यासाठी गाडी येईलच असं धरून चालू नका. रेबीज आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) लस मात्र निघण्याआधी झालेली हवी.

गोचीड कानामागे, काखेत, शेपटीखाली शोधा. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, जाळू नका, रॉकेल लावू नका. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्रं मलूल झालं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर डॉक्टरला आठवणीनं सांगा की आपण नदीकाठी ढोरांच्या चराईत फिरलो होतो. मग ते रक्त तपासतील.