मराठी टायपिंग करता? मग कस्टम कीबोर्डचा लेआउट करताना या चुका टाळा

बरेच जण लेआउट ठरवतात तो फक्त इंग्लिश डोक्यात ठेवून आणि मग इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांचा स्टँडर्ड कीबोर्ड लेआउट) मराठी टाइप करायला बसले की बोंब.

सगळ्यात कॉमन म्हणजे फर्मवेअरमध्येच (कीबोर्डच्या आत चालणारा प्रोग्रॅम) कोलमॅक, म्हणजे इंग्लिश अक्षरांची वेगळी मांडणी, टाकणं. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, कुठली की दाबली त्याचा कोड पाठवतो, त्याचा मराठी 'क' करायचा की इंग्लिश 'के' हे कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे इंग्लिश अक्षरं हलवली की इन्स्क्रिप्टपण सोबत हलतं. साधा क्वर्टी (नेहमीची इंग्लिश मांडणी) लेयर, म्हणजे कीजच्या कामांचा वेगळा संच, ठेवा, एका कीच्या टॉगलने त्यावर जा, मराठी तिथेच.

होम रो मॉड्सचा (मधल्या ओळीतली की दाबून धरली की ती कंट्रोल, शिफ्टचं काम करते) घोळ तर भारीच आहे. इन्स्क्रिप्टमध्ये हलंत डी वर येतो. तिथेच होल्ड केल्यावर कंट्रोल लावला असेल आणि 'प्र' टाइप करताना बोट जरा रेंगाळलं, की कंट्रोल-जे जातं (र जे वर आहे) आणि क्रोममध्ये डाउनलोड्स उघडतात! एफ वर शिफ्ट असेल तर 'किती'चं 'कथी' होतं, कारण ऱ्हस्व वेलांटी एफ वर आहे आणि शिफ्ट लागला की त चा थ. क्यूएमके या फर्मवेअरमध्ये टॅपिंग टर्म (किती वेळ दाबल्यावर होल्ड धरायचा ती मर्यादा) डीफॉल्ट २०० मिलिसेकंद असते, ती थोडी वाढवून बघा किंवा फ्लो टॅप (भरभर टाइप करताना होल्ड न धरणारं सेटिंग) चालू करा. कॉर्डल होल्ड या सेटिंगवर विसंबू नका, दोन्ही कीज एकाच हाताच्या असतील तरच तो होल्ड टाळतो आणि इन्स्क्रिप्टमध्ये स्वर-मात्रा डावीकडे, व्यंजनं बहुतेक सगळी उजवीकडे. खरं तर मराठी लेयरवर मॉड्स काढूनच टाका, कटकट नको.

४०% बोर्ड (पूर्ण कीबोर्डच्या साधारण ४०% कीज असलेला) दिसतो झकास पण 'डॉक्टर' लिहून बघा: ड चौकटी कंसावर, ॉ बॅकस्लॅशवर, ट अवतरण चिन्हावर. या कीज लेयरमध्ये ढकलल्या असतील तर एका शब्दात तीनदा लेयर बदला. मी तरी ६०% च्या खाली जाणार नाही.

प्लेट (स्विच बसवायची पाटी) कापायला देण्याआधी लेआउटची १:१ प्रिंट काढून त्यावर कीकॅप्स ठेवून बघा, दोन कीजच्या मध्यांत १९.०५ मिमी, स्विचचं भोक १४ मिमी. उजवा शिफ्ट १.७५ यू (यू म्हणजे एका साध्या कीची रुंदी) घेतला असेल तर तो तुमच्या कीकॅप सेटमध्ये आहे का तेपण बघा.

सगळं जोडल्यावर एकही की चालत नसेल तर आधी फर्मवेअरमधली डायोडची (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) दिशा तपासा, ती उलटी असते बऱ्याचदा. एकच ओळ मेली असेल तर सोल्डरिंग तपासा.