आनुवंशिकतेची उदाहरणं कुठे चुकतात? या चुका टाळा

आनुवंशिकतेचे प्रश्न ज्यांचे चुकतात, त्यांना ३:१ आणि ९:३:३:१ ही गुणोत्तरं बहुतेक वेळा तोंडपाठ असतात. गडबड त्याआधीच झालेली असते. एकतर युग्मकांची (शुक्राणू, अंडपेशी अशा प्रजनन पेशींची) ओळ घाईत उरकलेली असते, नाहीतर शक्यता काढताना भागायचं कशाने हे प्रश्नात नीट वाचलेलं नसतं. युग्मकं चुकली की पनेट स्क्वेअर (युग्मकांच्या जोड्यांची चौकट) कितीही नेटका आखला तरी उत्तर चुकणारच. म्हणून अभ्यासिकेत बसून पन्नास एमसीक्यू सोडवण्याआधी दहा उदाहरणांची फक्त युग्मकं लिहून पाहा. बारावी असो वा नीट, दोन्हीकडे त्याचा उपयोग होतो.

युग्मकांची ओळ

युग्मकात प्रत्येक जनुकाचा एकच अलील (जनुकाचं एक रूप) जातो आणि प्रत्येक जनुकाचा जातोच. दोन्ही जनुकांचे वेगवेगळे अलील असलेल्या द्विसंकर झाडाची (मोठा आर–छोटा आर, मोठा वाय–छोटा वाय) युग्मकं चार: मोठा आर मोठा वाय, मोठा आर छोटा वाय, छोटा आर मोठा वाय, छोटा आर छोटा वाय. चुकलेल्या वहीत यांच्या जागी ‘मोठा आर छोटा आर’ असं युग्मक सापडतं, म्हणजे एकाच जनुकाचे दोन अलील आणि दुसऱ्या जनुकाचा पत्ताच नाही. लिहून झाल्यावर प्रत्येक युग्मकातली अक्षरं मोजा. उदाहरणात जितकी जनुकं, तितकीच अक्षरं यायला हवीत.

दुसरी चूक संख्येची. तीन जनुकं दिसली की आठ युग्मकं, असं सरसकट लिहिलं जातं. दोनाचा घात हेटरोझायगस (दोन वेगळे अलील असलेल्या) जोड्यांच्या संख्येइतका घ्यायचा असतो, एकूण जनुकांच्या संख्येइतका नाही. तीनपैकी एक जोडी होमोझायगस (दोन्ही अलील सारखे) असेल तर युग्मकं चारच. चौकट चौरसच असली पाहिजे असंही नाही. टेस्ट क्रॉसमध्ये (सगळ्या जोड्या अप्रभावी असलेल्या पालकाशी संकर) या एका पालकाचं युग्मक एकाच प्रकारचं असतं, त्यामुळे चार रकाने आणि एक ओळ एवढ्यावर काम भागतं.

तीन जनुकांचा क्रॉस आला तर ६४ घरांची चौकट आखूच नका. प्रत्येक जनुक वेगळं सोडवा आणि शक्यतांचा गुणाकार करा. तिन्ही जोड्या दोन्ही पालकांत हेटरोझायगस असतील, तर तिन्ही अप्रभावी लक्षणं एकत्र दिसण्याची शक्यता १/४ × १/४ × १/४ = १/६४. पहिली जोडी हेटरोझायगस, दुसरी होमोझायगस प्रभावी आणि तिसरी हेटरोझायगस अशी संतती हवी असेल तर १/२ × १/४ × १/२ = १/१६. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मात्र ही जनुकं स्वतंत्रपणे वाटली जातात हे गृहीत धरूनच हा गुणाकार करता येतो.

अक्षरांची निवड क्षुल्लक वाटते, पण तिथेही गुण जातात. उंचीसाठी मोठा टी आणि बुटकेपणासाठी डी असं लिहिलं, तर कागदावर ती दोन वेगळी जनुकं होतात. एका जनुकाला एकच अक्षर द्या: प्रभावी अलीलला मोठं, अप्रभावीला छोटं. सी, एस, व्ही, डब्ल्यू, झेड ही अक्षरं हाताने लिहिताना लहान-मोठी सारखीच दिसतात. प्रश्नात अक्षर दिलेलं नसेल तर ए, बी, डी, आर, टी यांतलं घ्या.

कशाने भागायचं?

सगळ्यांत जास्त गुण इथे जातात, म्हणून इथे थोडं थांबू.

रंगांधत्वाची वाहक (अलील आहे, पण लक्षण नाही अशी) आई आणि सामान्य दृष्टीचे वडील. ‘यांच्या अपत्यांपैकी किती रंगांध?’ याचं उत्तर १/४. ‘यांच्या मुलग्यांपैकी किती रंगांध?’ याचं उत्तर १/२. चौकट तीच, पण पहिल्यात भाजक चारही घरं आहेत आणि दुसऱ्यात फक्त मुलग्यांची दोन. प्रश्नातला ‘अपत्य’ किंवा ‘मुलगा’ हा शब्द अधोरेखित केल्याशिवाय सोडवायला घेऊ नका. मुलगा असल्याचं प्रश्नातच सांगितलं असेल तर मुलींची घरं खोडून टाका.

दोन-तृतीयांशाचा प्रश्नही याच जातीचा. दोन हेटरोझायगस पालकांचं एखादं धडधाकट अपत्य वाहक असण्याची शक्यता किती? बरेच विद्यार्थी १/२ लिहून मोकळे होतात. चार घरांपैकी आजारी अपत्याचं घर आधीच बाद झालं आहे. उरलेल्या तीनपैकी दोन घरं वाहकांची, म्हणून २/३. मेंडेलने हे वाटाण्यावर तपासून पाहिलं होतं. दुसऱ्या पिढीच्या गोल दाण्यांपासून वाढवलेल्या ५६५ झाडांचं त्याने स्वपरागण होऊ दिलं. १९३ झाडांना फक्त गोल दाणे आले आणि ३७२ झाडांना गोल व सुरकुतलेले दोन्ही. म्हणजे जवळपास १:२.

याच वाटेने पुढचा प्रश्न येतो. एका मुलीला अप्रभावी आजार आहे, तिचे आईवडील आणि भाऊ निरोगी आहेत आणि भावाचं लग्न वाहक मुलीशी झालं. त्यांच्या अपत्याला आजार असण्याची शक्यता २/३ × १/४ = १/६. इथे १/८ आलं असेल, तर भाऊ निरोगी आहे ही माहिती वापरायची राहून गेली.

आता गुणोत्तराचा अर्थ. ३:१ म्हणजे चार अपत्यांत एक हमखास अप्रभावी, असं नाही. चारांत नेमकी तीन प्रभावी आणि एक अप्रभावी येण्याची शक्यता ४ × (३/४)³ × १/४, म्हणजे २७/६४, सुमारे ४२ टक्के. निम्म्याहूनही कमी. हे परीक्षेपुरतं ठेवू नका. दोघेही थॅलेसेमिया मायनर (म्हणजे वाहक) असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मेजर (म्हणजे गंभीर आजार असलेल्या) बाळाची शक्यता १/४ असते. पहिलं बाळ मेजर निघालं म्हणून पुढची तीन सुखरूप, असं मानणं घातक आहे. आधीच्या बाळांचा पुढच्या बाळाच्या युग्मकांशी काहीही संबंध नसतो. घरात कुणी असं म्हणत असेल तर जीवशास्त्र शिकणाऱ्याने तिथे गप्प बसू नये. मुलगी झाली म्हणून आईला बोल लावला जातो तिथेही नाही: एक्स की वाय, हे वडिलांच्या शुक्राणूवर ठरतं.

प्रभावी म्हणजे सर्रास आढळणारा नव्हे

हाताला जास्तीचं बोट असण्याचे अनेक प्रकार प्रभावी अलीलमुळे होतात, तरी अशी माणसं थोडीच दिसतात. उलट ओ रक्तगट अप्रभावी असून भरपूर आढळतो. लोकसंख्येत अलील किती पसरला आहे आणि हेटरोझायगस जीवात तो दिसतो की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

वाटाण्याच्या गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांकडे जवळून पाहिलं तर प्रभावीपणाचा खुलासा होतो. गोल दाण्याच्या अलीलपासून स्टार्चला फाटे फोडणारं एन्झाइम बनतं. सुरकुतलेल्या दाण्याच्या अलीलमध्ये सुमारे ८०० बेसजोड्यांचा उपरा तुकडा घुसलेला असतो, म्हणून त्यापासून कामाचं एन्झाइम बनत नाही. स्टार्च कमी तयार होतो, साखर साठते, साखरेमुळे दाण्यात पाणी जास्त शिरतं आणि वाळताना साल आक्रसते. हेटरोझायगस दाण्यात एका चालू प्रतीपासून मिळणारं एन्झाइम दाणा गोल ठेवायला पुरतं. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या स्टार्चचे कण दोन्ही पालकांच्या मधले दिसतात. दाण्याच्या आकाराकडे पाहिलं तर पूर्ण प्रभाविता, स्टार्चच्या कणांकडे पाहिलं तर अपूर्ण. त्यामुळे ‘अमुक अलील प्रभावी’ लिहिताना कोणत्या लक्षणासाठी, हेही लिहा.

अपूर्ण प्रभाविता आणि सहप्रभाविता यांत घोळ होतो, कारण दोन्हींत दुसऱ्या पिढीचं गुणोत्तर १:२:१ येतं. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फूल आलं तर अपूर्ण प्रभाविता. एबी रक्तगटात तांबड्या पेशीवर ए आणि बी ही दोन्ही अँटिजेन (गट ओळखण्याच्या खुणा) पूर्णपणे हजर असतात, ती सहप्रभाविता. वेगळेपण पहिल्या पिढीच्या रूपात आहे, गुणोत्तरात शोधू नका.

रक्तगटाच्या उदाहरणात ए गटाचा पालक दिसला की त्याला होमोझायगस धरून चालू नका. त्याचा एखादा पालक किंवा एखादं अपत्य ओ असेल तर तो हेटरोझायगस आहे. एबी आणि ओ यांचं अपत्य ए किंवा बी असतं. अपवाद आपल्याच राज्यातला आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगटाची नोंद केली. यात ए आणि बी ज्यापासून तयार होतात ते एच अँटिजेनच बनत नाही. त्यामुळे ए किंवा बीचं जनुक असूनही नेहमीच्या चाचणीत गट ओ दिसतो. अशा व्यक्तीला ओ गटाचं रक्तही चालत नाही, बॉम्बे गटाचंच लागतं. प्रश्नात ओ दिसणाऱ्या पालकाचं अपत्य एबी दाखवलं असेल तर हे आठवा.

वंशावळ वाचताना

आजारी पुरुष जास्त दिसले की लक्षण एक्स-संलग्न (जनुक एक्स गुणसूत्रावर), असा अंदाज बांधू नका. पाच-सात माणसांच्या वंशावळीत तो योगायोगही असू शकतो. आधी प्रभावी की अप्रभावी हे ठरवा. दोन निरोगी पालकांचं अपत्य आजारी असेल तर लक्षण अप्रभावी. दोन आजारी पालकांचं अपत्य निरोगी असेल तर प्रभावी. गुणसूत्राचा प्रश्न त्यानंतर. अप्रभावी लक्षणात आजारी मुलीचे वडील निरोगी असतील, किंवा आजारी आईचा मुलगा निरोगी असेल, तर एक्स-संलग्नता बाद. प्रभावी लक्षणात आजारी वडिलांची एखादी मुलगी निरोगी निघाली, तरीही बाद. वडिलांचा एक्स प्रत्येक मुलीकडे जातो आणि मुलाकडे जातच नाही, हे पक्कं असेल तर हे नियम पाठ करावे लागत नाहीत.

बाहेरून लग्न करून आलेली व्यक्ती दुर्मीळ आजारात वाहक नाही, असं धरतात. सिकलसेलसारखा आजार ज्या समाजात बराच आढळतो, तिथे हे गृहीतक टिकत नाही. आते-मामे भावंडांचं लग्न असेल तर दोघांना जोडणारी आडवी रेघ दुहेरी काढायची. त्यांच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून आलेल्या असण्याची शक्यता १/१६ असते.

संलग्नता आणि काय-वर्ग

एकाच गुणसूत्रावर जवळ असलेली जनुकं बहुतेक वेळा एकत्रच जातात, ती संलग्नता. अशा दोन जनुकांच्या टेस्ट क्रॉसच्या १००० संततीत ४१२, ४०६, ९३ आणि ८९ असे चार वर्ग मिळाले, तर पुनर्संयोजित (पालकांपेक्षा वेगळी जुळणी असलेली) संतती ९३ + ८९ = १८२. म्हणून जनुकांमधलं अंतर १८.२ सेंटिमॉर्गन (शेकडा पुनर्संयोजित संतती). एकाच लहान वर्गाची टक्केवारी काढून थांबणं ही नेहमीची चूक.

काय-वर्ग चाचणीत (मिळालेले आकडे अपेक्षित आकड्यांशी जुळतात का, हे पाहणारी) टक्के घालू नका, मोजलेल्या संख्याच घाला. मेंडेलचे द्विसंकर दाणे ३१५, १०१, १०८ आणि ३२, एकूण ५५६. अपेक्षित ३१२.७५, १०४.२५, १०४.२५ आणि ३४.७५. काय-वर्ग ०.४७ येतो. स्वातंत्र्यांश (वर्गांची संख्या वजा एक) तीन, ५ टक्के पातळीचा तक्त्यातला आकडा ७.८१५, म्हणून ९:३:३:१ नाकारता येत नाही. हीच आकडेवारी टक्क्यांत घातली तर उत्तर सुमारे ०.०८ येतं आणि नमुना ५५६ दाण्यांचा होता ही माहितीच पुसली जाते.

गुणसूत्रं मोजणं आणि कांद्याची स्लाइड

गुणसूत्रं मोजताना सेंट्रोमिअर (गुणसूत्राचे जुळे धागे जोडणारा बिंदू) मोजा. कांद्यात २एन (शरीरातल्या पेशीतली गुणसूत्रं) = १६. डीएनएची प्रत तयार झाल्यावरही गुणसूत्रं १६ राहतात, क्रोमॅटिड (गुणसूत्राचे जुळे धागे) ३२ होतात. मायटोसिसच्या (साध्या पेशीविभाजनाच्या) अ‍ॅनाफेजमध्ये क्रोमॅटिड वेगळे झाल्याने पेशीत ३२ गुणसूत्रं दिसतात. मिओसिसच्या (गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या विभाजनाच्या) पहिल्या विभाजनानंतर प्रत्येक पेशीत ८ गुणसूत्रं, पण क्रोमॅटिड १६. गव्हात आणखी एक खड्डा आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ६२२२ हा रोटीचा गहू आहे. त्याच्या पेशीत ४२ गुणसूत्रं आणि सात-सातचे सहा संच असतात. एक्स (एका संचातली गुणसूत्रं) = ७ असला तरी युग्मकात २१ गुणसूत्रं जातात. इथे एन (युग्मकातली संख्या) म्हणजे ७ नव्हे.

मुळाच्या टोकाच्या प्रॅक्टिकलसाठी मंडईतला साधा कांदा चालतो. जुनी वाळकी मुळं खरवडून टाका आणि फक्त बुडखा पाण्याला टेकेल असा कांदा बरणीच्या तोंडावर ठेवा. तीन-चार दिवसांत २ ते ३ सेंटिमीटर मुळं येतात. ती सकाळी कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच्या ताज्या मिश्रणात २४ तास ठेवा. नंतर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६० अंश सेल्सिअसला पाच ते दहा मिनिटं, मग पाण्याने धुऊन रंगासाठी अ‍ॅसिटोकार्माइन.

स्लाइड बिघडली तर कारण शोधता येतं. सगळ्या पेशी लांबट आणि इंटरफेजमधल्या (विभाजन सुरू नसलेल्या) दिसत असतील तर टोकाऐवजी वरचा भाग घेतला गेला आहे. टोकाचा १ ते २ मिलिमीटरचा अपारदर्शक पांढुरका भागच ठेवा. पेशी एकमेकींवर चढलेल्या असतील तर आम्लात वेळ कमी पडला. रंग फिका आला तर आम्ल नीट धुतलं गेलं नाही, किंवा रंगात वेळ कमी मिळाला. पेशीद्रवही लाल झाला असेल तर ४५ टक्के अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा थेंब देऊन जादा रंग काढा. कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. अंगठा बाजूला सरकला की पेशी गुंडाळल्या जातात. मायटोटिक इंडेक्स (विभाजन सुरू असलेल्या पेशींचं प्रमाण) काढताना दिसलेल्या सर्व पेशी भाजकात घ्या, इंटरफेजमधल्याही.