पेढा कधी द्यायचा आणि कधी नाही

आमची लेक सहा वर्षांची असल्यापासून माझ्यासोबत सकाळी साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर यायची, मंगळाई देवीचं दर्शन घ्यायचं आणि वरून आपलं घर शोधायचं एवढीच हौस. मीच एकदा कौतुकानं कबूल केलं, वर चढलीस की उतरल्यावर एक कंदी पेढा. महिनाभर चाललं मस्त, मग एक दिवस पेढे संपलेले तर म्हणाली, "मग कशाला जायचं, पप्पा?" लय वाईट वाटलं, कारण चूक माझी होती.

म्हणून आधी हे बघा की काम आवडीचं आहे का कंटाळ्याचं. आवडीच्या कामाला बक्षीस आधी सांगून लावूच नका. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या पोरांवर हेच तपासलं, ज्यांना सर्टिफिकेट देऊ असं आधी सांगितलं ती पोरं नंतर मोकळ्या वेळात बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढायला लागली, आणि ज्यांना न सांगता अचानक दिलं त्यांची आवड मात्र तशीच राहिली. घोळ सगळा सौद्यात आहे.

पाढे, बिलं लावणं, गुडघ्याचे व्यायाम असल्या कंटाळ्याच्या कामाला खुशाल लावा, फक्त छोटं आणि लगेच मिळणारं. मी यवतेश्वर घाटातल्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करत होतो तेव्हा २१ किमीनंतरचं मेडल कितीही डोळ्यासमोर आणलं तरी पहाटे पाचला पावसात अंथरूण सुटायचं नाही, शेवटी मित्रासोबत ठरवलं की पळून आलं की टपरीवर चहा, नाही पळालं तर नाही. त्यानं उठायला लागलो. आणि सवय लागली की हळूहळू रोजचं बक्षीस कमी करत न्या.

पोरांना "नव्वद टक्के पडले तर सायकल" असं नका सांगू, मार्क त्यांच्या हातात नसतात, अर्धा तास बसणं असतं, ते धरा.

आणि माझ्यासारखं बिघडलं असेल तर? मी पेढा बंद केला, तीन आठवडे ती आलीच नाही, मी पण ओढलं नाही, नुसतं येऊन सांगायचो आज धुक्यात सगळा सातारा गायब होता, आज आपली गच्ची दिसली. चौथ्या रविवारी बघतो तर बाईसाहेब बूट घालून दारात. आता पेढा मिळतो कधीतरी, वार ठरलेला नाही, आणि तीही विचारत नाही.