दीक्षाभूमीवर भोजनदान करायचंय? मग आधी भाताचं गणित शिका

दसरा महिन्यावर आला की नागपुरात घरोघरी, ऑफिसात, मंडळात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "यंदा आपणही दीक्षाभूमीजवळ स्टॉल लावू या." अवश्य लावा. कटकट आहे ती त्यानंतर मिळणाऱ्या सल्ल्याची. मोठा आचारी बघा, पन्नास किलो खिचडी टाका, बॅनर छापा, झालं! बॅनरचं काम सगळ्यात शेवटी येतं, आणि पन्नास किलो खिचडी एकदम टाकायचीच नसते. आमचं मंडळ बरीच वर्षं हे करतंय, त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यात मतं ठाम आहेत. पटली नाहीत तरी भाताचा भाग तेवढा वाचून घ्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की असू द्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याच्या दिवशी, बाबासाहेबांनी इथे महास्थविर चंद्रमणींकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर स्वतः लाखो लोकांना दिली. त्या दिवसासाठी माणूस विदर्भातल्या खेड्यांतून येतो, तेलंगण-कर्नाटकातून येतो, उत्तर प्रदेशातून दोन रात्री रेल्वेत बसून येतो. त्याला भूक लागलेली असते, पण तो मागायला आलेला नसतो. तो पाहुणा आहे. घरी पाहुणा आल्यावर आपण जे करणार नाही, ते स्टॉलवरही करायचं नाही. अर्धे नियम यातूनच निघतात.

परवानगी आणि जागा

परिसराच्या आत असाल तर दीक्षाभूमीच्या स्मारक समितीशी बोला, रस्त्यावर असाल तर महापालिका आणि पोलीस. हे सगळं महिनाभर आधी. अन्न फुकट वाटतोय म्हणून अन्नसुरक्षेची नोंदणी लागत नाही, हा गैरसमज आहे. धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्यालाही ती लागते. अर्ज ऑनलाइन होतो. गॅस वापरणार असाल तर घरचं लाल सिलिंडर आणू नका, व्यावसायिक निळं आणा आणि शेजारी वाळूची बादली ठेवा.

जागा निवडताना सावली बघा, पाण्याचा टँकर कुठपर्यंत येतो ते बघा. आणि मुख्य म्हणजे स्वयंपाक कुठे होणार ते बघा. त्या दिवशी आजूबाजूचे रस्ते गाड्यांना बंद होतात. स्वयंपाक मानेवाड्याला आणि स्टॉल माता कचेरीजवळ, असा बेत असेल तर तुमचा टेम्पो कुठल्यातरी बॅरिकेडपाशी अडकणार आणि आत भात कुजत बसणार. स्वयंपाक हातगाडीच्या अंतरावर हवा. श्रद्धानंदपेठ, लक्ष्मीनगर, बजाजनगर, जिथे कुणाचं अंगण मिळेल तिथे.

काय करावं

डाळ-तांदळाची खिचडी किंवा वरण-भात, सोबत कोरडी भाजी. उत्तरेतला माणूस खातो, दक्षिणेतला खातो, लेकरं खातात, दात नसलेली आजी खाते. सावजी मसाल्याचा अभिमान घरी ठेवा. पोहे करणार असाल तर तर्री, म्हणजे त्यावरचा तिखट रस्सा, वेगळ्या भांड्यात ठेवा आणि विचारून घाला. बाहेरगावचा माणूस आपली तर्री पहिल्यांदा खातो तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, आणि पुढे दिवसभर त्याला फिरायचं असतं. शाकाहारी ठेवा, वादच नको.

भात: इथे घाई करू नका

आमच्या मंडळाला सगळ्यात जास्त त्रास याच टप्प्याने दिला. बाकीच्यांकडून सल्ला मागितला तर एकच उत्तर मिळे: "रात्री दोनला चूल पेटवा, सकाळपर्यंत सगळं तयार ठेवा, म्हणजे टेन्शन नाही." हा सल्ला धोक्याचा आहे.

कारण समजून घ्या. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. उकळत्या पाण्यातही ते मरत नाहीत, गप्प पडून राहतात. भात ६० अंशांच्या खाली उतरला, कोमट झाला, की ते जागे होऊन वाढतात आणि विष सोडतात. ओकाऱ्या होतात त्या या विषाने. ते विष भात पुन्हा गरम केल्याने जात नाही. "एक वाफ काढून घ्या, काही होत नाही" असं म्हणणाऱ्या आचाऱ्याला नम्रपणे नमस्कार करा आणि दुसरा आचारी शोधा. वासावर तर अजिबात जाऊ नका. आंबलेला भात नाकाला कळतो, हा प्रकार कळेलच असं नाही.

आता मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, काय होतं ते बघा. वरचा थर वाऱ्याने थंड होतो, कडेचा भांड्याबरोबर थंड होतो, आणि मधला गोळा तासन् तास कोमट राहतो. जिवाणूंना हवं असतं ते नेमकं हेच. ऑक्टोबरच्या उन्हात नागपूरचा मांडव काही थंड नसतो, त्यामुळे भात लवकर निवतही नाही आणि गरमही राहत नाही. जितकं भांडं मोठं तितका धोका मोठा. म्हणून पन्नास किलोचा गंज बघून ज्यांची छाती फुगते, त्यांच्यापासून चार हात लांब राहा.

उपाय म्हणजे खेपा. एका खेपेला १० किलोपेक्षा जास्त कोरडा माल घालायचा नाही, सात किलो तांदूळ आणि तीन किलो डाळ. माणशी ११० ग्रॅम धरले तर एका खेपेत साधारण नव्वद माणसं जेवतात. एका रांगेत वाढणारे हात सरावलेले असले की मिनिटाला चार-पाच पानं सहज होतात, म्हणजे खेप वीस-पंचवीस मिनिटांत संपते. एक खेप शिजायला चूल पेटण्यापासून जवळपास तास जातो. तेव्हा दोन चुली लावा आणि दुसरी पहिलीच्या अर्धा तास मागे ठेवा. एकीवरची उतरली की दुसरीवरची अर्धी शिजलेली असते. पाचशे माणसांसाठी अशा सहा खेपा लागतात. डाळ-तांदूळ आधीच सहा पोत्यांत मोजून ठेवा, मीठ-हळद-मसाल्याच्याही सहा पुड्या बांधा. गर्दीत उभं राहून कुणी वजन करत बसत नाही, आणि अंदाजाने टाकलेलं मीठ शेवटच्या खेपेत नक्की चुकतं.

भांडं चुलीवरून उतरलं की त्यावर खडूने वेळ लिहायची. "९.१०" असं मोठ्या आकड्यात, बाहेरून, सगळ्यांना दिसेल असं. आचाऱ्यालाही दिसेल आणि वाढणाऱ्यालाही. दोन तासांनी, म्हणजे ११.१० ला, त्यातलं जे उरेल ते बाजूला काढायचं. कुणी "अजून चांगलं आहे, वाटून टाका" म्हटलं तर आकड्याकडे बोट दाखवा, वाद घालू नका. स्वयंपाकाचा सुईवाला थर्मामीटर मिळतो, तो घ्या आणि सुई मधल्या गोळ्यात खुपसून बघा. दोन तासांच्या आतही ६० च्या वर असेल तोपर्यंतच वाढा. गरम राहणारे डबे भाड्याने मिळतात, पण ते भात गरम करत नाहीत, नुसता टिकवतात. कोमट भात भरलात तर कोमटच राहील.

आणखी दोन गोष्टी. खिचडीत आलू, टमाटर, ओलं खोबरं घालायचा मोह होतो. पाणी सुटणारं काही घालू नका, आलू तर मुळीच नको. आधी तोच बिघडतो. आणि भात मोकळा ठेवा. पातळ खिचडी पत्रावळीतून गळते, माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडते, आणि त्या दिवशी बहुतेकांनी पांढरंच घातलेलं असतं.

एका वर्षी आमच्याकडे आलेल्या आचाऱ्याने हे सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि सकाळी सहाला सगळी खिचडी एकदम करून ठेवली. दुपारी ती खड्ड्यात पुरावी लागली. तेव्हापासून चुलीपाशी मंडळाचा एक माणूस उभा असतोच, आचारी कितीही नावाजलेला असो.

पाणी

स्टीलचे ग्लास आणि धुवायला दोन बादल्या, किंवा प्लॅस्टिकचा थर नसलेले कागदी ग्लास. प्लॅस्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमचे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, त्यात पडूच नका. पत्रावळी आणि द्रोण घ्या.

एक मात्र कडक सांगतो. ग्लास संपले म्हणून वरून ओंजळीत पाणी ओतू नका. कितीही तहानलेला माणूस समोर असला तरी नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना ओंजळ धरून, दुरून ओतलेलं पाणी प्यावं लागलं, त्यांचा हा दिवस आहे. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं ते कशासाठी, हे आठवा. ग्लास जास्तीचे आणा, म्हणजे प्रश्नच येत नाही.

वाढणं

"जय भीम" म्हणून वाढा. ती दिवसाची सलामी आहे, अट नव्हे. समोरचा काही न बोलता हात पुढे करील, तरी वाढा. नाव, आडनाव, गाव विचारत बसू नका. कुणी दोन पानं मागितली तर द्या. सहसा मागे झाडाखाली आई किंवा सासू बसलेली असते, तिला रांगेत उभं राहवत नाही. जेवणाऱ्याचा फोटो काढू नका. तुमच्या ग्रुपवर टाकायला आचाऱ्याचा काढा, त्याला आवडतं.

पाकिटावर, ग्लासवर, पत्रावळीवर बाबासाहेबांचा किंवा बुद्धाचा फोटो छापणं तर सरळ मूर्खपणा. तासाभरात तो रस्त्यावर पायाखाली येतो. फोटो स्टॉलच्या मागच्या बाजूला, डोक्याच्या वर लावा, आणि चपला त्याच्या समोर काढू नका.

भिक्खू आले तर वेळ बघा. ते दुपारी बारानंतर जेवत नाहीत, तेव्हा त्यांचं ताट अकराच्या आतच तयार हवं. पहिली खेप त्यांच्यासाठी धरा. ताट टेबलावर ठेवून "घ्या भंतेजी" म्हणायचं नाही. दोन्ही हातांनी त्यांच्या हातात द्यायचं, कारण दिलेलंच ते घेतात. थायलंडकडचे भिक्खू बाईच्या हातून थेट घेत नाहीत, समोर कापड पसरतात. त्या कापडावर ठेवायचं. आमच्या एका वहिनींना पहिल्यांदा याचा राग आला होता. त्यांच्या संघाचा नियम आहे, अपमान नाही, हे स्टॉलवरच्या बायकांना आधी सांगून ठेवलं की प्रसंग टळतो. बसलेल्या भिक्खूच्या दिशेने पाय पसरून बसू नका, त्यांच्यापेक्षा उंच खुर्चीवरही बसू नका.

परदेशी पाहुणेही दिसतात. जपानशी नागपूरचं नातं जुनं आहे. नागपुरातल्या इंदोऱ्याचे भदंत सुरेई ससाई मूळचे जपानचे, आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहारही जपानी मदतीतून उभं राहिलं. या पाहुण्यांना लाकडी चमचा द्या, हाताने खायचा आग्रह नको, पाणी बंद बाटलीतलं द्या. आणि वाढण्याचा आपला वैदर्भी आग्रह आवरा. आपल्याकडे रिकामं पान म्हणजे "अजून वाढा". जपानी माणूस ताटात काही टाकणं असभ्य मानतो, म्हणून तो पान रिकामं करतो. तुम्ही पुन्हा वाढता. तो बिचारा पुन्हा संपवतो. हे तीन वेळा झालं की त्याचं पोट बिघडतं आणि तुम्हाला वाटतं त्याला फार आवडलं. एकदा विचारा, मान हलली नाही तर थांबा.

फक्त पैसे द्यायचे असतील तर

ज्यांचे हिशोब दिसतात अशाच संस्थेला द्या आणि पावती घ्या. आयकरात सवलत हवी असेल (ती जुन्या करपद्धतीतच मिळते) तर ८०-जी मान्यता असलेल्या संस्थेला बँकेतून द्या. रोख २००० रुपयांच्या वर गेलात तर सवलत मिळत नाही, आणि तांदळाची पोती दिलीत तर त्यांची मुळीच मिळत नाही.

कधी वाढावं

सकाळी दहा ते दुपारी दोन सगळेच वाढतात. त्या वेळेत माणूस एका स्टॉलवरून दुसऱ्यावर जातो आणि अर्धं पान टाकतो. गरज असते ती आदल्या रात्री, पहाटे, आणि सोहळा संपल्यावर परतीच्या वाटेवर. नवीन मंडळाने गर्दीची वेळ सोडून द्यावी, असं माझं मत आहे. आदल्या रात्री आठ ते अकरा गरम खिचडी, पहाटे पोहे आणि चहा. परतणाऱ्यांसाठी शिजवलेलं काहीच नको. अजनी स्टेशनच्या फलाटावर तास-दोन तास आणि पुढे रात्रभर गाडीत ते पाकीट राहणार. चिवडा, फुटाणे, गूळ आणि दोन संत्री द्या. आंबिया बहराची संत्री तेव्हा बाजारात यायला लागलेली असतात, साल हिरवट दिसली तरी आत आंबट-गोड निघतात. कळमन्याच्या बाजारात आदल्या दिवशी सकाळी लवकर जा, आणि पेटी वरून बघून घेऊ नका, तळातली चार फळं काढून दाबून बघा.