बोटाच्या थेंबावरून वाहनचालकाची ड्रग चाचणी : या चुका टाळा

नाक्यावर चालकाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तो कागदी कार्डावर वाळवायचा आणि ड्रग शोधायला प्रयोगशाळेत पाठवायचा. बोट टोचायची लॅन्सेट, गाळण कागदाचं कार्ड आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी एवढ्यावर भागतं, म्हणून हे काम हलकं समजलं जातं. पण शिरेतून काढलेल्या ५ मिली रक्तात तपासणी फसली तर पुन्हा करायला रक्त उरतं. कार्डावर वाळलेल्या ठिपक्यात ते जेमतेम ५० मायक्रोलिटर असतं. रक्तात गांज्यातलं नशेचं द्रव्य टीएचसी मिलिलिटरला २ नॅनोग्रॅम असेल, तर १० मायक्रोलिटरमध्ये ते फक्त २० पिकोग्रॅम भरतं. नाक्यावर बिघडलेला नमुना प्रयोगशाळेत सुधारत नाही.

हात न धुता सुई टोचणं

सर्वांत महागात पडणारी चूक ही. गांजा मळणाऱ्याच्या, चिलीम भरणाऱ्याच्या बोटांवर टीएचसी चिकटलेलं असतं आणि ते थेंबात उतरतं. मग रक्तात नसलेलं द्रव्य अहवालात दिसतं. बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून भागत नाही. साबण आणि पाण्याने हात धुवायला लावा, स्वच्छ कागदाने पुसा, मग स्पिरिट लावून ते पूर्ण वाळू द्या. ओलं स्पिरिट थेंबात मिसळलं की रक्तपेशी फुटतात. पहिला थेंब कोरड्या गॉझने पुसून टाका आणि दुसऱ्यापासून नमुना घ्या. पाण्याचा कॅन आणि साबण किटमध्येच ठेवा, ढाब्याच्या नळावर विसंबू नका.

साखर तपासायची सुई वापरणं, मग बोट पिळणं

ग्लुकोमीटरची बारीक सुई साखरेपुरता थेंब देते. कार्डावरचं वर्तुळ भरायला तो पुरत नाही, आणि मग बोट पिळणं सुरू होतं. पिळल्याने पेशींभोवतालचं पाणी रक्तात येतं, नमुना पातळ होतो. सुमारे २ मिमी खोल जाणारी, एकदाच वापरायची पात्याची लॅन्सेट घ्या. डावखुरा नसेल तर डाव्या हाताची अनामिका किंवा मधलं बोट निवडा आणि पेराच्या मध्यावर न टोचता कडेला टोचा. रावेर-सावद्याकडे केळीचे घड चढवणाऱ्यांची, जिनिंगवर गाठी उचलणाऱ्यांची बोटं घट्टे पडून कडक झालेली असतात, तिथे कडेशिवाय रक्त नीट येतच नाही. धुळ्याकडच्या जानेवारीतल्या रात्री बोटं गार पडतात. तेव्हा कोमट पाण्याने हात धुवायला द्या आणि “भाऊ, हात खाली सोडून उभे राहा” म्हणून मिनिटभर थांबा.

थेंबावर थेंब टाकणं

एक वर्तुळ, एक थेंब. बोट कागदाला घासू नका, थेंब आपला आपण शोषला जाऊ द्या. कार्ड उलटून पाहा: मागूनही ठिपका तितकाच भरलेला दिसला पाहिजे. अर्धवट ठिपक्यावर दुसरा थेंब टाकला की थर बसतात आणि प्रयोगशाळेत ठिपक्यातून कापलेल्या चकतीत किती रक्त आलं हे कळत नाही. कार्डाऐवजी शोषक टोकाची कांडी वापरत असाल तर टोक थेंबात बुडवू नका. तिरकं धरून पृष्ठभागाला लावा, पूर्ण लाल झाल्यावर दोनेक सेकंद थांबून काढा. बुडवलेलं टोक ठरलेल्या १०, २० किंवा ३० मायक्रोलिटरपेक्षा जास्त रक्त घेतं.

रक्त सगळ्यांचं सारखं मानणं

खानदेशात हा मुद्दा पुस्तकी नाही. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आणि रक्तक्षय बराच आहे. ज्याच्या रक्तात पेशींचं प्रमाण कमी, त्याचा थेंब कागदावर जास्त पसरतो. ठरावीक मापाची चकती कापली की तीत रक्त कमी येतं, म्हणून आकडाही कमी येतो. मे महिन्यात दिवसभर कॅबिनमध्ये तापलेल्या, पाणी कमी प्यालेल्या चालकाचं उलट होतं: रक्त घट्ट, ठिपका लहान, आकडा जास्त. उपाय दोन आहेत. ठरलेलं माप शोषणारी कांडी वापरा, किंवा पूर्ण ठिपकाच तपासायची सूचना प्रयोगशाळेला द्या. सिकलसेलची माहिती चालकाने सांगितली तर अर्जावर नोंदवा.

घाईने पिशवीत भरणं

कार्ड आडवं, सावलीत, हवेशीर जागी किमान ३ तास वाळवायचं. ४४-४५ अंशांच्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवलं की “लवकर वाळतं” हे खरं, पण काही द्रव्यं उष्णतेने विघटित होतात. हेअर ड्रायरही नको. पावसाळ्यात कोंडाईबारी घाटासारख्या जागी वाळायला जास्त वेळ द्या. ओलसर कार्ड बंद झालं की बुरशी येते. वाळल्यावर झिपच्या पिशवीत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारी पट्टी घाला. शीतकपाटातून काढलेली पिशवी बाहेरच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, आत दव धरतं.

वेळ न लिहिणं

गांजा ओढल्यावर रक्तातलं टीएचसी पहिल्या तासाभरातच झपाट्याने उतरतं. भांग खाल्ल्यावर ते उशिरा चढतं. गाडी अडवल्याची आणि सुई टोचल्याची, दोन्ही वेळा मिनिटांसह लिहा. पळासनेरच्या नाक्यावर तासभर कागदपत्रं चालली तर आकडा त्या तासाचं ओझं वाहतो. आधी लाळेची चाचणी करणार असाल तर गुटखा-तंबाखू थुंकून, चूळ भरून १० मिनिटं थांबवा. डोडा म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकलं जाणारं गुंगीचं औषध अल्प्राझोलम, कोडीनचं खोकल्याचं औषध यांपैकी कशाचा संशय आहे तेही कळवा. प्रयोगशाळेला इतक्या कमी रक्तात सगळंच शोधता येत नाही. दारू मात्र ठिपक्यात शोधू नका, ती वाळताना उडून जाते. तिच्यासाठी श्वासचाचणी आहे.

आकड्यावरच खटला उभा करणं

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये दारूला मर्यादा आहे, १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ. ड्रगला आकडा नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल होता हे दाखवावं लागतं. म्हणून चाल, बोलणं, डोळ्यांची लाली, बाहुल्यांचा आकार तिथल्या तिथे लिहा. अफूवर्गीय द्रव्याने बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. त्याच कायद्याच्या कलम २०४ ची रक्तचाचणी श्वासचाचणीला, म्हणजे दारूला, जोडलेली आहे. ड्रगच्या संशयात अटक केलेल्याची तपासणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ खाली नोंदणीकृत डॉक्टरांकडून होते, आणि महिलेची तपासणी महिला डॉक्टरांकडून किंवा त्यांच्या देखरेखीखाली. बोटाचा थेंब शिरेच्या रक्ताची जागा घेत नाही. रक्त टिकवणाऱ्या सोडियम फ्लोराइडच्या बाटलीत शिरेच्या रक्ताचा नमुनाही बरोबर घ्या, दोन्हींवर एकच क्रमांक टाका आणि कार्डावर पेन्सिलीने लिहा, शाई पसरते. ठिपका बिघडला तर दुसरं बोट, नवी लॅन्सेट, नवं कार्ड. बिघडलेलं कार्ड फेकू नका, ‘रद्द’ लिहून पंचनाम्यासोबत जोडा. वापरलेली लॅन्सेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाका.