वादग्रस्त रेसलिंग पे-पर-व्ह्यू (पैसे भरून टीव्हीवर बघायचे मोठे शो) बघायचेत? मग असे बघा

रेसलिंगमध्ये सगळं ठरलेलं असतं हे आता शेंबड्या पोरालाही माहितीये. मजा आहे ती ठरलेलं नेमकं कुठे मोडलं ते पकडण्यात. त्यासाठी दोन शब्द लक्षात ठेवा, वर्क म्हणजे ठरवून केलेलं आणि शूट म्हणजे खरंखुरं.

सुरुवात सर्व्हायव्हर सिरीज १९९७ पासूनच करा, मॉन्ट्रियल, ९ नोव्हेंबर. पण डायरेक्ट मॅच लावू नका, आधीच्या दोन-तीन आठवड्यांचे रॉ (त्याच कंपनीचा, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफचा, दर आठवड्याचा टीव्ही शो) बघा, नाहीतर काही कळणार नाही. ब्रेट हार्ट चॅम्पियन, डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीत निघालेला, आणि स्वतःच्या देशात, कॅनडात, शॉन मायकल्सकडून हरायला अजिबात तयार नाही. आता मॅच बघताना या दोघांकडे नका बघू, रिंगच्या कडेला उभ्या विन्स मॅकमहनकडे, म्हणजे कंपनीच्या मालकाकडे बघा. शॉनने ब्रेटचाच शार्पशूटर (पाय अडकवून हार मानायला लावणारा डाव) ब्रेटला लावला, ब्रेटने टॅप केलंच नाही, म्हणजे हार मानलीच नाही, तरी विन्सने बेल वाजवायला लावली आणि रेफरी अर्ल हेबनर असा पळाला की बास. मग ब्रेट विन्सवर थुंकतो, हवेत बोटाने डब्ल्यूसीडब्ल्यू लिहितो. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा फक्त हेबनरवर नजर ठेवा, वेगळीच मॅच दिसते.

मग डब्ल्यूसीडब्ल्यूचा बॅश ॲट द बीच २०००. जेफ जॅरेट रिंगमध्ये सरळ आडवाच झाला, हल्क होगनने छातीवर पाय ठेवला, झाली मॅच! नंतर शोच्या कथा लिहिणारा विन्स रुसो माइकवर होगनला जे काय बोलला त्यावरून होगन कोर्टात गेला, केस टिकली नाही ते सोडा. होगनच्या बाजूचं म्हणणं असं की जॅरेटचं आडवं होणं ठरलेलं होतं, रुसोचं भाषण नाही. मला विचाराल तर इथे वर्क कुठे संपलं हे त्यांचं त्यांनाही धड माहीत नसावं. क्राउन ज्युएल २०१८ मध्ये असलं काही शोधू नका, तो वाद सौदी पत्रकार जमाल खशोगींच्या हत्येनंतर महिन्याभरात रियाधला शो केला याचा होता, जॉन सीना आणि डॅनियल ब्रायन गेलेच नाहीत, मॅचेस आपल्या नेहमीसारख्याच.

ओव्हर द एज १९९९ मात्र या यादीत धरू नका. ब्रेटचा धाकटा भाऊ ओवेन वरून रिंगमध्ये उतरताना पडला आणि गेला, ३४ वर्षांचा होता. पडतानाचं फुटेज शोधत बसू नका, टीव्हीवर ते दिसलंच नव्हतं, तेव्हा रेकॉर्ड केलेला व्हिडिओ चालू होता. कॉमेंटेटर जिम रॉसने तो गेल्याचं घरी बघणाऱ्यांना सांगितलं, हॉलमधल्या लोकांना कुणीच काही सांगितलं नाही, आणि पुढच्या मॅचेस त्याच रिंगमध्ये झाल्या.